पुठ्ठ्यावरचा थेंब

आमच्या गॅरेजातली जुनी मोटारसायकल गळायची आणि बोलणी मला बसायची.

गळती म्हटली की लोक आधी पॅकिंगकडे बोट दाखवतात, आणि आमच्याकडे पॅकिंग मी कापते. इंजिनचे दोन भाग जिथं एकमेकांवर बसतात तिथं मध्ये एक पातळ पान घालतात, आतलं तेल बाहेर येऊ नये म्हणून. ते पॅकिंग. जुन्या गाड्यांची तयार पॅकिंगं सहसा मिळत नाहीत, आणि मिळाली तर त्यांच्या भोकांचं आणि आपल्या बोल्टांचं वैर असतं. म्हणून ती हातानं कापावी लागतात. हे काम मला सासऱ्यांनी शिकवलं. मी नवी नवरी होते, शिवणकाम येत होतं, एवढंच बघून ते म्हणाले, "कापडावर कात्री सरळ चालते ना तुझी? मग इथंही चालेल." गॅरेजच्या खिडकीखाली त्यांनी मला एक टेबल मांडून दिलं, भोकं पाडायचे पंच दिले, एक छोटी हातोडी दिली. पुढं ते गेले. टेबल राहिलं आणि टेबलापाशी मी राहिले.

गॅरेज दिराकडे आलं. भाऊजींचा हात चांगला आहे, फक्त तोंड हाताच्या पुढं धावतं. माझे यजमान ट्रक घेऊन महिना-महिना बाहेर असतात आणि घरातल्या कुठल्याही भांडणात फोनवरून दोन्ही बाजू घेतात, त्यामुळे या गोष्टीत त्यांचा काही उपयोग नाही. उरल्या सासूबाई. गॅरेजच्या मागंच आमचं घर आहे आणि दोन्हींच्या मध्ये फरशी घातलेला पॅसेज. त्या फरशीवर सासूबाईंनी जितका जीव लावला तितका माणसांवर लावला असता, तर आम्ही सगळे लाडानं बिघडलो असतो.

गाडी या पॅसेजमध्ये उभी असते. एका सिलिंडरची, काळी, सासऱ्यांनी स्वतः बांधलेली. आमच्या गॅरेजची खरी पाटी तीच. ते गेल्यावर बराच काळ ती तशीच पडून होती. मग भाऊजींनी इंजिन उघडलं, पिस्टनच्या नव्या रिंगा बसवल्या, मी सगळी पॅकिंगं नव्यानं कापली, आणि तेव्हापासून ती गळायला लागली. नवी पॅकिंगं आणि नवी गळती एकाच मुहूर्तावर आली म्हटल्यावर खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार होतं, ते सांगायला नको.

आमच्याकडे जुन्या मोटारसायकलवाल्यांचा एक मेळावा भरतो. वर्षातून एकदा सगळे जण गाड्या घेऊन पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर चढतात. वर पोचलं की गरम इंजिनखाली एक पांढरा पुठ्ठा सरकवायचा. चहापाणी होईस्तोवर गाडी त्यावर उभी. मग पुठ्ठा ओढून बघायचा. त्यावर तेलाचा एक थेंब जरी दिसला, तरी त्या गाडीनं सगळ्यांबरोबर समोरच्या रस्त्यानं खाली यायचं नाही. मालकानं ती मागच्या पायवाटेनं ढकलत न्यायची. सासऱ्यांना ती पायवाट माहीतच नव्हती. गेल्या वर्षी भाऊजींना ती पाठ झाली.

या वर्षीच्या मेळाव्याच्या आधी, बुधवारी सकाळी, भाऊजी माझ्या टेबलापाशी आले आणि खिडकीची रुंदी टेपनं मोजू लागले.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"सोमवारी पार्ट धुवायचं मशीन येतंय, वहिनी. उजेड लागतो त्याला. इथं बसेल."

"इथं माझं टेबल आहे."

"टेबल काय, आत नेऊ की. जिन्याखाली. हे बघा, आता फटी बुजवायला ट्यूबमधून सीलंट येतं. पिळलं की झालं. कापाकापी कशाला पाहिजे? मी काही तुम्हाला घालवत नाहीये."

"नाही कसं? मला जिन्याखाली घालवताय."

ते हसले. भाऊजी हसले की राग येतो, कारण ते मनापासून हसतात. "बरं, असं करू," ते म्हणाले, "रविवारी टेकडीवर पुठ्ठा कोरडा निघाला, तर मशीन माझ्या डोक्यावर ठेवून फिरेन. पण निघणार नाही. तीनदा बदललीत तुम्ही पॅकिंगं. मान्य करा आता, बाबांचा हात वेगळा होता."

त्या शेवटच्या वाक्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांचा हात वेगळा होता हे मला माहीत होतं. तो हात माझ्या हातावर ठेवूनच तर मी शिकले. टेबल जिन्याखाली गेलं असतं तर मला अंधारात काम जमलं नसतं, मग लोक म्हणाले असते की हिचं काम बिघडलं, आणि मग कुणीच काही म्हणायची गरज उरली नसती. मला ते टेबल तिथंच हवं होतं. मी चंगच बांधला.

भाऊजी सुटे भाग आणायला बाहेर गेले आणि मी गाडीपुढं फतकल मारून बसले. विचार करायला लागले तेव्हा एक गोष्ट मला खटकली. पहिल्यांदा तेल आलं ते वरच्या टॅपेटच्या झाकणातून. मी तिथलं पॅकिंग बदललं, ते थांबलं, तर बाजूच्या टायमिंग कव्हरमधून यायला लागलं. तिथं भाऊजींनी अर्धी ट्यूब सीलंट पिळलं, तर गिअरच्या बाजूच्या सीलमधून सुरू झालं. माझं पॅकिंग वाईट असतं तर गळती एका जागी बसून राहिली असती. ही गळती दार लावलं की खिडकी शोधत होती. म्हणजे दोष दारा-खिडक्यांचा नव्हता. आतून कुणीतरी ढकलत होतं.

मी किक मारली. पहिली किक उलटी बसली आणि नडगी सुजली, दुसरीला गाडी सुरू झाली. इंजिनच्या पोटाला, म्हणजे क्रँककेसला, तेल ओतायचं एक झाकण असतं. ते मी फिरवायला घेतलं, अर्धं फिरलं न फिरलं तोच हातातून सुटलं आणि पेट्रोलच्या टाकीवर आपटून पॅसेजच्या कोपऱ्यात गेलं. भोकातून फुसकन गरम वारा आला, सोबत तेलाचा शिडकावा. तो माझ्या चष्म्यावर बसला.

मला इतका आनंद झाला की मी चष्मा न पुसताच हसत बसले.

गोष्ट अशी आहे. पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्या खालची हवा दाबली जाते. पिस्टन एका मिनिटात हजारो वेळा खाली येतो. त्या हवेला बाहेर जायला वाट हवी, म्हणून इंजिनच्या पोटाला एक नळी असते; तिला ब्रीदर म्हणतात. ती वाट बंद झाली की हवा मिळेल त्या फटीतून निघते, आणि जाताना तेल घेऊन जाते. अशा वेळी जगातलं उत्तम पॅकिंग कापा, वरून सीलंटचा टँकर ओता, काही होत नाही. पिस्टनच्या रिंगा नव्या होत्या, म्हणजे वरून, त्यांच्या कडेनं, वारा पोटात येत नव्हता. पोटातलाच वारा कोंडला होता.

भाऊजींनी ब्रीदर तपासला नव्हता असं नाही. इंजिनपाशी नळी नीट बसली आहे, पिचकलेली नाही, एवढं त्यांनी पाहिलं होतं. पण ती नळी पुढं सीटखालून जाऊन मागच्या मडगार्डच्या आत वर वळते, आणि तिचं तोंड बघायला फरशीवर आडवं व्हावं लागतं. मी झाले आडवी. बोट वर घातलं. बोट आत गेलंच नाही.

पक्कड घालून ओढलं तर एक बोळा निघाला. कापडाचा. निळ्या रेघांच्या जुन्या चादरीचा, घट्ट गुंडाळलेला, वरून दोरा आवळलेला, आणि दोऱ्याला ती गाठ. ती गाठ आमच्या घरात लोणच्याच्या बरणीपासून औषधाच्या पिशवीपर्यंत सगळ्यांना असते आणि कात्रीशिवाय सुटत नाही.

मी तशीच, तेलकट, घरात गेले. सासूबाई धुतलेले कपडे घडी करत होत्या. मी बोळा त्यांच्यासमोर धरला.

"घडीवर नको ठेवूस," त्या म्हणाल्या.

"हा तुम्ही घातला होता?"

"मग काय त्यानं स्वतःला घातला? टपटप टपटप करत होती ती नळी माझ्या फरशीवर. तुझ्या दिराला दहादा सांगितलं. म्हणाला, आई, जुनी गाडी आहे, थोडं गळणारच. मी म्हटलं, गळते कशी बघते. घातला बोळा. झालं की नाही बंद?"

"तिथलं बंद झालं आणि बाकी सगळीकडून सुरू झालं! गेली दोन वर्षं मी माझ्या पॅकिंगवरून ऐकून घेतेय, आई. माझं टेबल उचलायला निघालेत भाऊजी. आणि रोज सकाळी पुसताना तुम्हीसुद्धा मलाच ऐकवताय."

त्यांनी एक टॉवेल घडी केला, उलगडला, परत घडी केला. "मला काय ठाऊक त्या नळीला पोटाशी काय घेणं आहे," त्या म्हणाल्या. मग टॉवेल खाली ठेवून, "टेबल उचलणार म्हणजे?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि पुन्हा टॉवेलाला हात घातला. "काढलास ना बोळा? काढलास ते काढलास. पण त्या नळीतून एक थेंब माझ्या फरशीवर पडला तर परत घालीन. सांगून ठेवते."

खरं सांगायचं तर आधी माझं मन म्हणालं, भाऊजींना फोन लाव आणि बोळा दाखव. पण मी आमच्या घराला ओळखते. भाऊजींनी आईचा बोळा हा विनोद जन्मभर पुरवून पुरवून वापरला असता, प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितला असता. आणि सासूबाईंचं चुकलं होतं हे खरं, पण त्यांची तक्रार खोटी नव्हती. नळी गळत होती. त्यांनी सांगितलं होतं. कुणी ऐकलं नव्हतं. पुसायचं काम त्यांचं होतं म्हणून गळणं बाकीच्यांना चालत होतं. मी बोळा ॲप्रनच्या खिशात टाकला. शिवाय नुसता बोळा काढून टेबल वाचणार नव्हतंच. बोळ्याशिवाय गाडी चालवून पाहिली: इंजिनचे सांधे जवळपास सुकले, पण नळीच्या तोंडातून तेलाचा तुषार येऊन टपटप सुरू झालं. टेकडीवरचा पुठ्ठा हा थेंब कुठून आला हे विचारत नाही.

मग मी नळी इंजिनपासून सोडवली आणि ती जिथं बसते ते पितळी कोपरं, म्हणजे वळणाचा जोड, उघडलं. आत रबराच्या चिरफळ्या होत्या, दगडासारख्या कडक. एकेकाळचा तो पडदा असणार. सासऱ्यांच्या काळात हवा बाहेर जाताना तो उघडायचा आणि पिस्टन वर गेला की मिटायचा, म्हणजे हवा बाहेर जायची पण परत आत यायची नाही. नुसती उघडी नळी तीच हवा आत-बाहेर, आत-बाहेर करत राहते, आणि दर खेपेला तेल घुसळून बाहेर आणते. पडदा असला की पोटात हवा उरतेच कमी. मग तेलाला बाहेर ढकलणारं कुणी राहत नाही, उलट सांध्यांशी ते आतच ओढलं जातं. गाडी पडून राहिली, रबर वाळलं, पडदा तुटला. तिथून टपटप, टपटपीतून बोळा, बोळ्यातून माझी बदनामी. सगळी माळ माझ्या हातात आली होती.

म्हणजे मला एक पडदा कापायचा होता. आणि कापायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पहिला पडदा मी सायकलच्या ट्यूबचा कापला. गरम तेल लागल्यावर तो संध्याकाळपर्यंत फुगून लोळागोळा झाला. दुसरा तेलात टिकणाऱ्या जाड रबराचा. तो टिकला, पण इतका अडेल की गाडी सावकाश चालू असताना उघडायलाच तयार नाही, आणि टॅपेटच्या झाकणापाशी पुन्हा ओल आली. तिसरा पातळ घेतला. तो उघडला, मिटला, उघडला, आणि तासाभरात कडेनं उलटा वळून बसला, वाऱ्यात छत्री उलटते तसा. गुरुवार असा गेला. शुक्रवारी सकाळी भाऊजींनी मला कचऱ्यात पडद्यांचे तुकडे टाकताना पाहिलं.

"वहिनी, आता इंजिनाला झबली शिवताय का?"

"शिवतेय. तुम्ही मला लेथवर एक पितळी चकती काढून द्या. मध्ये एक बारीक भोक, भोवती मोठी भोकं. आणि ती बसवायला एक घर. आणि एक छोटी वाटीसारखी टोपी."

"कशाला?"

"इंजिनाला श्वास सोडता यावा म्हणून."

भाऊजी काहीतरी बोलणार होते, पण मी चकतीचं चित्र त्यांच्यापुढं सरकवलं आणि मोटारीच्या बाबतीत ते खोटं वागत नाहीत. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. हसू हळूहळू कमी झालं. "टोपी रबर जास्त वळू नये म्हणून?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "मग तिला थोडा बाक देतो," म्हणून ते लेथकडे वळले. दुपारपर्यंत सगळं माझ्या टेबलावर होतं, कडा घासून गुळगुळीत केलेल्या.

चौथा पडदा मी पातळ तेल-रबराचा गोल कापला. मध्यावर स्क्रूनं चकतीला धरला, वर टोपी. कडा एका दमात कापली, कारण दोनदा कात्री लागली तर तिथूनच चीर सुरू होते. आधी ते सगळं मी मडगार्डखाली नळीच्या टोकाला बसवलं, कारण तिथं जागा होती. काम झालं, पण अर्धवट. लांब नळीतली हवा स्प्रिंगासारखी मागं-पुढं होत राहते आणि पडद्यापर्यंत धक्का नीट पोचत नाही. मग इंजिनच्या पोटाला अगदी चिकटून बसवलं, आणि पुढची नळी जाड घेतली.

आता परीक्षा. नळीचं टोक पाण्याच्या पारदर्शक बाटलीत बुडवलं आणि किक मारली. आधी उघडी नळी अशीच बुडवून पाहिली होती तेव्हा पाणी नळीत वर चढायचं, खाली उतरायचं, पुन्हा चढायचं. आता बुडबुडे आले. पहिल्यांदा भरभर, मग कमी, मग अधूनमधून एखादा. आणि पाणी जागचं हललं नाही. इंजिन श्वास सोडत होतं आणि परत घेत नव्हतं. मी सगळ्या सांध्यांवर तोंडाला लावायची पावडर फुंकली, म्हणजे ओल आली तर लगेच काळी दिसेल, आणि गाडी चांगली तापेस्तोवर रस्त्यावर फिरवून आणली. पावडर पांढरीच्या पांढरी. तीच पॅकिंगं होती, माझीच. एक नवं कापलं नव्हतं.

राहिला शेवटचा प्रश्न, फरशीचा. बाहेर जाणाऱ्या हवेत थोडा तुषार असतोच. शनिवारी मी टोकाला एक छोटा डबा बांधला, पण तुषार डब्याच्या भोकातून तसाच निघून मडगार्डवर बसू लागला. मी डब्याकडे बघत उभी होते तेव्हा मागून सासूबाई आल्या. कधीपासून बघत होत्या कोण जाणे.

"त्यात काहीतरी भर ना, तेल अडेल असं," त्या म्हणाल्या.

"बोळा?" मी म्हटलं. जीभ आवरत नाही माझी.

त्या सरळ आत गेल्या आणि भांडी घासायची तारेची घासणी घेऊन आल्या. कोरी, कागदात गुंडाळलेली. "यातून हवा जाते, चिकट तेवढं तारेला राहतं. चुलीवरच्या जाळीला मी हेच लावते. आणि जुनी घेऊ नकोस, तिला साबण असतो."

मी घासणी मोकळी करून डब्यात भरली. तुषार तारांवर बसला, थेंब होऊन डब्याच्या तळाशी उतरला, आणि बाहेर आली ती कोरडी हवा. सासूबाईंनी नळीखाली, डब्याखाली, मडगार्डखाली बोट फिरवलं. बोट स्वच्छ होतं. "बघू उद्या," एवढंच म्हणून त्या गेल्या.

रविवारी भाऊजी गाडी चालवत होते आणि मी मागं बसले होते. टाकीच्या टेकडीचा चढ उभा आहे आणि तिसऱ्या वळणावर गाड्या कण्हायला लागतात. आमची कण्हली नाही. सासूबाई शेजारणीच्या गाडीतून आधीच वर पोचल्या होत्या आणि एका दगडावर रुमाल अंथरून बसल्या होत्या.

पुठ्ठे सरकवण्याचं काम एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे असतं. त्यांना सगळे पुठ्ठेमास्तर म्हणतात. त्यांनी आयुष्यात कुणाला एका थेंबाची सूट दिलेली नाही. त्यांनी आमच्या इंजिनखाली पुठ्ठा सरकवला आणि म्हणाले, "गेल्या वर्षीचा मी जपून ठेवलाय. नकाशा आहे नुसता."

चहा झाला. मी प्यायले नाही. भाऊजी कप हातात घेऊन गाडीभोवती घिरट्या घालत होते, वाकून वाकून बघत होते. शेवटी पुठ्ठेमास्तरांनी आमचा पुठ्ठा ओढला आणि वर धरला.

मधोमध एक तपकिरी थेंब होता.

"थेंब आहे," मास्तर म्हणाले.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्या पाहण्यात हसू नव्हतं. त्यांनाही वाईट वाटलं होतं. ते मला हसण्यापेक्षा जास्त लागलं. डोळ्यांसमोर जिना आला, जिन्याखालचा अंधार आला.

"इकडे आणा," सासूबाई म्हणाल्या. त्या दगडावरून उठून आल्या होत्या. मास्तरांनी पुठ्ठा दिला नाही, तो ते कुणालाच देत नाहीत, तेव्हा त्यांनी मास्तरांच्या हातातच त्यावर बोट टेकवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं.

"हे तेल नाही."

"बाई, दिसतोय की डाग."

"दोन वर्षं रोज सकाळी या गाडीखाली पुसतेय मी. इंजिनचं तेल कसं असतं, गिअरचं कसं असतं, साखळीचं कसं असतं, मला डोळे मिटून सांगता येतं. तेल बोटावर पसरतं. हे चिकटतंय. चहा आहे हा, आणि साखर जास्त आहे." त्यांनी मुलाच्या हातातल्या कपाकडे पाहिलं. "लहानपणापासून सांडतो हा."

भाऊजींनी कप पाठीमागं लपवला.

मास्तर जागचे हलले नाहीत. "मी कसं मानू?"

"पाणी टाका त्यावर. तेल असेल तर पाणी घरंगळेल. चहा असेल तर मुरेल."

कुणीतरी बाटली दिली. मास्तरांनी डागावर पाणी टाकलं. सगळे वाकले. पाणी क्षणभर थांबलं आणि पुठ्ठ्यात मुरलं. मास्तरांनी चष्मा काढून पुन्हा पाहिलं, बाकीचा पुठ्ठा उन्हात धरून कोपऱ्याकोपऱ्यानं तपासला. तो पांढरा होता. "कोरडी," ते म्हणाले, जणू हा शब्द त्यांना दाढ काढावी तसा काढावा लागला. मग त्यांनी इंजिनपाशी बसवलेल्या पितळेकडे बोट केलं. "गेल्या वर्षी नकाशा, या वर्षी कोरडी. पॅकिंग बदललंत?"

"नाही, पॅकिंग तेच," भाऊजी म्हणाले. "वहिनींनी ब्रीदरला पडदा केला. पण वहिनी, आधी नळी एवढी बंद कशानं झाली होती, ते तुम्ही सांगितलंच नाहीत."

माझा हात ॲप्रनच्या सवयीनं खिशाशी गेला. मी काही बोलणार नव्हते. मी तसं ठरवलं होतं.

"मी बोळा घातला होता," सासूबाई म्हणाल्या. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझ्या फरशीसाठी. आणि आळ आला हिच्या कामावर. हिचं काम चांगलंच होतं. ह्यांनी शिकवलेलं काम आहे, वाईट असेल कसं? मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

भाऊजी आता विनोद करणार असं मला वाटलं. त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कपातला उरलेला चहा पुठ्ठ्यापासून लांब जाऊन ओतला. "तू दहादा सांगितलं होतंस, आई," ते म्हणाले. "मीच ऐकलं नाही." मग त्यांनी किक मारली. "बसा वहिनी. समोरच्या रस्त्यानं जायचंय." मी बसले, आणि सगळ्या उतारावर मला रडू येत होतं. हेल्मेटमुळे ते कुणाला दिसलं नाही, हे चांगलं झालं.

सोमवारी मशीन आलं. हातगाडीवरून उतरवून दोघा माणसांनी ते गॅरेजच्या दारात आणलं आणि कुठं ठेवायचं म्हणून विचारलं. भाऊजी डोकं खाजवत उभे राहिले. डोक्यावर घेऊन फिरायचं कबूल केलं होतं, पण ते त्यांच्यापेक्षा जड होतं.

मी टेबलाशी होते. एका गिऱ्हाइकाचं पॅकिंग कापत होते आणि मुद्दाम मान वर करत नव्हते. टेबलाखाली सासूबाई होत्या, ओलं फडकं घेऊन, गॅरेजच्या फरशीलाही त्यांनी आता हात घातला होता. त्यांनी माझ्या पायावर चापट मारली.

"पाय उचल."

मी उचलला. त्यांनी पुसलं आणि मग टेबलाचा एक पाय हलवून बघितला.

"हे लोखंड फरशीवर ओरखडे काढतंय," त्या खालूनच म्हणाल्या. "याच्या पायांना रबर लाव. चांगलं जाड लाव, झिजणार नाही असं. आता कायमचं इथंच राहायचंय त्याला." आणि मग दाराकडे बघून, "ते मशीन जिन्याखाली जाऊ दे. त्याला काय डोळे आहेत उजेड लागायला?"

मी हातातलं पॅकिंग बाजूला ठेवलं, तेल-रबराचा जाड तुकडा ओढला आणि चार गोल कापायला घेतले.